रापणीत गावलेली गाडी

खालची वाडी, जामसंडे
माघ महिना, १९८६

प्रिय गुरुदास,

हे पत्र पोस्टाने न येता हरिश्चंद्राच्या हातून येतंय म्हणून दचकू नकोस. तो परवा मुंबईला निघणार आहे, तिथून तुझ्याच बोटीवर चढणार आहे, आणि वेंगुर्ल्याहून मुद्दाम वाट वाकडी करून आपल्याकडे आलाय. पडवीत आबांपाशी बसलाय. आबा त्याला यंदा बांगडा कसा उशिरा आला ते सांगतायत आणि तो ऐकल्यासारखं करतोय. आज रविवार, शाळा नाही, म्हणून मला निवांत लिहायला मिळतंय. लांबलचक लिहिणार आहे, तेव्हा तुझी पाळी संपल्यावर उघड आणि चहा घेऊन बस.

तुझं मागचं पत्र पोचलं. त्यात तू आईची चौकशी एका ओळीत केलीस आणि कुर्लीची पानभर. इंजिनाला तेल वेळेवर घालतेस का, चेन सैल झाली का, टायर झिजले असतील तर माप कळव, सिंगापूरला मिळतील. वाचून मला हसूही आलं आणि तुझा रागही आला. गुरुदास, कुर्ली आपल्याकडे नाही. पोलिसांनी नेली आणि पोलिसांकडून कस्टमवाल्यांनी नेली. ती परत मिळेल असं आता मला वाटत नाही. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तू पुढची पानं तेलाचं काय झालं ते शोधत उलटत बसशील. झालं कसं, ते आता सावकाश वाच.

तू ती आणलीस तो दिवस मला आठवतो. आणलीस कसली, तुम्ही बोटीवरच्या चौघांनी तिचे तुकडे करून आपापल्या ट्रंकांतून आणलेत. हरिश्चंद्राने इंजिन घोंगडीत गुंडाळून आणलं होतं आणि आईला वाटलं, शेगडी आहे. तू खळ्यात गोणपाट अंथरून दिवसभर जोडत बसलास आणि वाडीतली निम्मी माणसं भोवती उभी राहून तुला अक्कल शिकवत होती. संध्याकाळी जे उभं राहिलं ते बघून मी म्हटलं होतं, मोटरसायकलीला पिल्लू झालं. पोळपाटाएवढी चाकं, बसायची जागा माझ्या गुडघ्याच्याही खाली. बाबलीकाकाने तिथल्या तिथे नाव ठेवलं, कुर्ली. वाळूतून वर आलेला खेकडा नांग्या उगारून बसतो, तसे तिचे हँडलचे दांडे दिसत होते. नाव असं चिकटलं की आबासुद्धा गाडी म्हणेनासे झाले.

मग आबांनी नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. बा देवा म्हाराजा, आज जी काय ही गाडी पोरान साता समुद्रापलीकडसून आणल्यान आसा, तिका रस्त्यार बरी राख, माझ्या चेडवाक सड्यार नेऊन सुखरूप घराक आण. आणि सगळे एका सुरात, व्हय म्हाराजा. मला आता वाटतं, आपली चूक तिथेच झाली. देवाला विचारून झालं, वाडी व्हय म्हणाली, म्हणजे सगळी परवानगी मिळाली असंच आपण सगळे धरून चाललो. आणखी कुणाला विचारायचं असतं हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मी शिकलेली बाई, शाळेत नागरिकशास्त्र शिकवते, माझ्याही नाही.

तू ती कशासाठी आणलीस हे वाडीत सगळ्यांना माहीत आहे, तरी लिहिते, कारण मी ते तुला कधी नीट तोंडावर बोलले नाही. माझी बदली वर डोंगरमाथ्यावर, सड्यावरच्या शाळेत झाली तेव्हा घरात सगळ्यांनी मनातल्या मनात माझी नोकरी सोडून दिली होती. एस्टी तिथे जात नाही. चढ तुला माहीत आहे, आणि माझा डावा पाय तर तुला लहानपणापासून माहीत आहे. आपल्याकडच्या मोपेडी पायडल मारून सुरू कराव्या लागतात, तेव्हा तीही आशा नव्हती. तू कुठल्याशा परक्या बंदरात ही ठेंगणी गाडी पाहिलीस, हिला गिअर नाही, दोन्ही ब्रेक हातात, आणि मचव्याच्या मशीनसारखी दोरी ओढली की सुरू होते, आणि तुला तुझी अक्का आठवली. अरे, लोक बहिणीला साडी आणतात, अत्तर आणतात. तू मला पाय आणलास.

या पायाने मला जन्मभर सगळ्यांच्या मागे ठेवलं. पालखीमागे चालताना मागे, बाजारात मागे, आणि लग्नाच्या वयात तर मी रांगेतच नव्हते. सड्यावरच्या सपाटीवर पहिल्यांदा काटा चाळीसच्या पुढे गेला तेव्हा मी मोठ्याने किंचाळले होते. आजूबाजूला गुरं सोडून कुणी नव्हतं म्हणून बरं. समुद्राचा वारा आपल्याला रोजचा आहे, पण तो आपण उभे असताना येतो. हा वारा मी स्वतः केलेला होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पदर फडफडत होता, आणि मला आठवतं, मी मनात म्हणत होते, आता गाठा बघू मला. कुणाला म्हणत होते कोण जाणे.

दोन वर्षं कुणी काही बोललं नाही. नाक्यावरचे जुने हवालदार तिला खेळणं समजायचे. त्यांचा नातू आला की त्याला कुर्लीवर बसवून फोटो काढून घ्यायचे. मागच्या पावसाळ्यानंतर ते निवृत्त झाले आणि कोल्हापूरकडचे नवे फौजदार आले. त्याच सुमाराला बाजारात एका पोराने विना लायसन मोपेड घालून एका म्हातारीचा खुबा मोडला. मग काय, फौजदार रोज सकाळी नाक्यावर उभे. मला अडवलं. गाडीचा नंबर? लायसन? मी म्हटलं, साहेब, हिला नंबर नाही, मला लायसन नाही, आणि मला फार वेळ उभं राहता येत नाही, तेव्हा जे काय लिहायचं ते मला बसू देऊन लिहा. ते हसले. माणूस वाईट नाही रे. म्हणाले, महिन्याला तालुक्याला गाड्यांच्या साहेबांचा कॅम्प लागतो, तिथे जाऊन नंबर आणि लायसन करून घ्या, तोवर मी बघितलं नाही असं समजतो.

कॅम्पला मी बाबलीकाकाला घेऊन गेले, कारण आबा साहेब बघितला की मुके होतात. डाक बंगल्याच्या आवारात ट्रकवाल्यांची ही रांग, आणि शेवटी आमची कुर्ली. तिथले इन्स्पेक्टर वयस्क, चष्मेवाले, शांत गृहस्थ. त्यांनी तिला चारी बाजूंनी पाहिलं, टेपने दिव्याची उंची मोजली, मग इकडे तिकडे बघून स्वतः वर बसले. त्यांचे गुडघे कानाला लागले. ट्रकवाले हसायला लागले तसे ते उतरले आणि मला बाकावर बसवून समजावू लागले. मी तुला त्यांचं म्हणणं जसंच्या तसं सांगते, कारण मी त्यावर फार दिवस विचार केलाय आणि त्यातून बाहेर पडायला फट सापडलेली नाही. गाडीला नंबर हवा तर ती परदेशातून रीतसर आल्याचा, जकात भरल्याचा कागद हवा. कागद नाही, तर नंबर नाही. लायसन हवं तर परीक्षा द्यायची, आणि ती नंबर असलेल्याच गाडीवर द्यायची. दुसऱ्या कुणाची गाडी आणून दिली तरी चालेल म्हणाले, पण दुसरी कुठलीही गाडी माझ्या पायाला चालत नाही. अपंगांसाठी तीन चाकांची करून मिळते म्हणाले. ती आमच्या सड्याच्या पायवाटेवर जात नाही. शेवटी ते म्हणाले, बाई, ही गाडी कायद्यात बसतच नाही, मी काय करू. आणि खरंच त्यांचा चेहरा असा झाला होता, की मलाच त्यांची कीव आली.

तरीही त्यांनी एक दार किलकिलं केलं होतं. आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, ही पळते किती? चालत्या माणसाइतकीच ना? विचारताना ते माझ्याकडे नाही, कागदाकडे बघत होते. मला लगेच कळलं. नुसती पांगळ्यांची खुर्ची समजून ते डोळ्यांवर कातडं ओढायला तयार होते. मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाबलीकाका छाती पुढे काढून म्हणतो कसा, चालत्या माणसाएवढी? साहेबा, काय सांगतास, उतारार एस्टीक मागे टाकता ती! ट्रकवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. इन्स्पेक्टरनी पेनला टोपण लावलं. म्हणाले, घरच्या अंगणात फिरवा, रस्त्यावर आणू नका. कुर्ली एस्टीच्या टपावर टाकून परतताना मी बाबलीकाकाशी एक शब्द बोलले नाही आणि त्याला वाटलं, मला गाडी लागली.

अंगणात फिरवायला मी काय कोंबडी आहे? शाळा तर रोज होती. मी नाका टाळून पाणंदीने जाऊ लागले. पंधरवडाभर गेले असेन. मग एका सकाळी पाणंदीच्या तोंडाशीच फौजदार उभे. मला रागावले नाहीत. म्हणाले, बाई, मी एकदा बघितलं नाही म्हटलं, किती वेळा म्हणू, मलाही वर साहेब आहेत. एका शिपायाने कुर्ली हाताने ढकलत चौकीवर नेली आणि दुसऱ्याने माझी पिशवी. मी मागून चालत गेले. चौकीपर्यंत पोचायला मला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात बातमी वाडीत पोचून अख्खी रापण, जाळं ओढणारे झाडून सगळे, तिथे हजर झाली.

आता नीट वाच. फौजदारांनी पंचनाम्याचा कागद घेतला आणि पहिलाच प्रश्न विचारला, ही गाडी आली कुठून? मालक कोण? तुझं नाव सांगितलं तर विनाजकात माल आणला म्हणून तुझी नळी, बोटीवर चढायचा सरकारी परवाना, जाणार, आणि नळी गेलेला खलाशी म्हणजे सुकाणू नसलेली होडी, हे मला कळत होतं. नाव सांगितलं नाही तर काय सांगायचं, हे मात्र सुचत नव्हतं. मी आठवतेय आठवतेय असं करत वेळ काढत होते, आणि बाबलीकाका पुढे झाला. म्हणाला, साहेबा, ही आमका रापणीत गावली. जाळ्यात इली दर्यातसून. मागचे सगळे एका सुरात, व्हय व्हय, रापणीतच गावली. जसं काही गाऱ्हाणंच चाललंय. फौजदार म्हणाले, मग मालक कोण? बाबलीकाका म्हणाला, मालक आमी सगळे. दर्यान दिला ता दोरयेक हात लावणाऱ्या सगळ्यांचा.

रापणीचा कायदा तुला काय सांगायचा. जाळं ओढताना ज्याचा हात दोरीला लागला, त्याला वाटा. मग तो म्हातारा असो, आंधळा असो, नाहीतर वाटेवरचा पाहुणा असो. लहानपणी मला सगळ्यांत मागे, दोरीच्या शेपटाला उभं करायचे आणि माझ्या टोपलीतही वाटा पडायचा, तेव्हा कुणी माझ्या पायाकडे बघत नसे. त्याच कायद्याने बाबलीकाका चालला. त्याला वाटलं, तुझं नाव सुटलं, माझी गाडी सुटली, समुद्राने दिलेल्या वस्तूला कोण काय म्हणणार. फौजदारांनी त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. बहुतेक त्यांनाही कळलं होतं. त्यांनी एकदा विचारलं, नक्की ना? लिहू? पण बाबलीकाकाने अंगठा पुढे केलासुद्धा. त्याच्यामागून एकेकाने अंगठा दिला, सही येणाऱ्यांनी सही केली. शेवटी कागद माझ्यासमोर आला. सगळे माझ्याकडे बघून मान हलवत होते, कर गो अक्का, काय काळजी करू नको. मी सही केली.

एरवी लायसन नसल्याचा दंड झाला असता रे. फार तर गाडी खळ्यात पडून राहिली असती. पण परदेशी बनावटीचं इंजिन, ते रात्रीअपरात्री चोरटा माल उतरतो त्याच किनाऱ्यावर समुद्रातून आलं म्हटल्यावर तो कागद फौजदारांच्या हातात राहिला नाही. आठवडा व्हायच्या आत कस्टमची जीप आली. त्यांनी विचारलं, जाळ्यात आलेल्या गाडीला गंज कसा नाही? टाकीत पेट्रोल कसं? आणि गाडी आली तर तिच्याबरोबर आणखी काय आलं? आता अंगठा दिलेल्या प्रत्येकाच्या घरी नोटीस आलीय, कारण मालक सगळे. आणि ज्या होडीतून जाळं टाकलं ती माल वाहणारी होडी ठरली. तिला लाखेचं सील लावून वाळूवर ओढून ठेवलीय. जाळी देवळाच्या धर्मशाळेत बंद आहेत. ऐन हंगामात रापण बंद आहे, गुरुदास. बायका दुसऱ्यांच्या बंदरावर जाऊन मासळी उचलून विकतायत. आबा सकाळी उठून सवयीने किनाऱ्यावर जातात आणि होडीच्या सावलीत बसून परत येतात.

आणि मला कुणी एक शब्द बोलत नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. शेजारच्या सावित्रीवहिनीच्या घरात चूल अर्धी पेटते आणि ती मला विचारते, अक्का, चढ जमता मा गो? अशा वेळी कुठे तोंड लपवावं कळत नाही. मी फौजदारांकडे जाऊन सगळं खरं सांगायचं ठरवलं होतं. चौकीच्या पायरीपर्यंत गेलेही. पण खरं सांगितलं की तू जातोस आणि अंगठे दिलेले सगळे खोटे ठरतात. खोटं धरून बसलं की होडी सडते. एकाही वाटेने कुणी वाचत नाही. मी पायरीवर थोडी बसले आणि घरी आले.

शाळेचंही सांगते. काठी घेऊन अंधार असताना निघते, चढावर बसत बसत जाते, आणि पोचते तेव्हा प्रार्थना होऊन गेलेली असते. पोरं शहाणी आहेत, आपली आपण रांगेत उभी राहतात. पण विस्तार अधिकारी दोनदा अचानक आले आणि दोन्ही वेळा मी चढावर होते. आता मेमो आलाय. चैत्रापर्यंत रेटेन, पुढे नोकरी राहील असं वाटत नाही. तुझ्यावर ओझं टाकायला लिहीत नाही. पण घरात येणारा पैसा यापुढे तुझाच असणार, तेव्हा तुझी नळी काय मोलाची आहे हे तुला कळायला हवं.

आईचं मी इतकं लिहूनही लिहिलेलं नाही. तिचा दम फार वाढलाय. डॉक्टर आबांना बाजूला घेऊन बोलले आणि आबा ते मला सांगत नाहीत, म्हणजे काय ते मी समजले. ती आता अंगणातसुद्धा येत नाही, खाटेवरून दारातून दिसेल तेवढं बघते. दिवसातून कितीतरी वेळा विचारते, शिगमो कधी आसा गो? तू शिमग्याला येणार असं लिहिलंस तेव्हापासून ती त्या दिवसावरच जगतेय. आपल्या भावकीतल्या सत्यवतीला तिने तांदूळ निवडायला बसवलंय, तुला घावणे लागतात म्हणून.

पौष सरताना वाडी देवळात बसली होती. कणकवलीचे वकील केलेत, ते आले होते. त्यांनी सगळ्यांना एकच सांगितलं. वैशाखात सुनावणी आहे. दिलेल्या जबाबाला सगळे धरून राहिले तर समुद्रात सापडलेली वस्तू सरकारजमा होईल आणि होडी सुटेल. पण कस्टमवाले वाडीत विचारत फिरतायत की इथली कोण माणसं बोटीवर आहेत, आणि तुझं नाव त्यांच्याकडे गेलंय. कुणी दिलं म्हणून नाही, जामसंड्यात शेंबड्या पोरालाही ते माहीत आहे. इंजिनावरचा नंबर त्यांनी मुंबईला पाठवलाय. तू या घरात पाऊल टाकलंस की ते तुला बोलावणार, तुझी नळी ठेवून घेणार, आणि तुला खोटं बोलता येत नाही हे मला माहीत आहे. लहानपणी आंबा चोरलास तरी आधी तुझे कान लाल व्हायचे. तू एक शब्द खरा बोललास की तूही जाशील आणि अंगठे दिलेली सगळी माणसंही. बाबलीकाका उठून म्हणाला, गुरुदासाक ह्यातूर आणूचो नाय, आणि सगळे व्हय म्हणाले. मग तुला कळवायचं कुणी, हा प्रश्न उरला. शेवटी आबा माझ्याकडे बघायला लागले.

म्हणून हे पत्र. गुरुदास, शिमग्याला येऊ नकोस. वैशाख संपेपर्यंत येऊ नकोस. बोटीवरची मुदत वाढवून घे, कंपनीने सोडलं नाही असं घरी दोन ओळींचं पत्र टाक, म्हणजे आईला वाचून दाखवता येईल. कुणी कुर्लीबद्दल विचारलं तर अशी गाडी तू कधी पाहिलेली नाहीस. मीही तू ती पाहिलेली नाहीस असंच लिहून दिलंय. तुला वाचवतेय की आईपासून तुला तोडतेय, हे माझं मलाच कळत नाही, आणि तुला राग आला तर तो माझ्यावरच काढ, बाबलीकाकावर नको. मधेच काही झालं, तर मी हरिश्चंद्राच्या घरच्यांकडून निरोप पाठवीन, आणि गुरुदास, तरीसुद्धा तू येऊ नकोस. हे वाचून झालं की पाण्यात टाकून दे. आईने आत्ता खाटेवरून विचारलं, येवढा मोठा काय लिवतंस गो त्येका? मी म्हटलं, लवकर ये म्हणान लिवलंय.

तुझ्या वाटेकडे न बघायला शिकत असलेली,
तुझीच,
अक्का